वाटेचा खर्च : गावकरीपासून नाक्यापर्यंत

म्हापशाहून निघालेला रस्ता अस्नोडा मागे टाकून दोडामार्गाकडे वळतो तो लाटंबार्से गावातून जातो. डिचोली तालुक्याचे हे एक टोक. पलीकडे महाराष्ट्राची हद्द लागते. घाटावरून तिलारीच्या बाजूने उतरणारा प्रवासी याच वाटेने गोव्यात शिरतो, आणि त्याचे चित्त समुद्राकडे लागलेले असल्यामुळे वाटेवरील गावांची नावेही त्याच्या ध्यानात राहत नाहीत. लाटंबार्से हे पर्यटनस्थळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पाहुण्याच्या वाटेवर बसलेल्या गावालाही पाहुण्याचा भार सोसावा लागतो. रस्ता झिजतो, साकव अरुंद पडतो, पाण्याची मागणी वाढते. हा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न आजचा वाटला तरी या भूमीत तो फार जुना आहे, आणि त्याची जी उत्तरे आजवर दिली गेली ती तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिले उत्तर गावकरीचे. गोमंतकातील गावाची जमीन समाईक असे. तिचे तुकडे ठरावीक मुदतीने पावणीस लागत. जो अधिक बोली बोलेल त्याला ते कसावयास मिळत. त्या उत्पन्नातून प्रथम सरकारचा वसूल चुकता होई. मग बांध, मानशी, वाटा, देवळाचा खर्च, गावकामगारांचे देणे हे सारे भागे. आणि हे होऊन जे उरेल ते गावकारांत जोण म्हणून वाटले जाई. या क्रमाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. आधी बांध, मग जोण. बांध फुटला तर खारे पाणी शेतात शिरून पुढील वर्षाची पावणीच बुडणार, हे प्रत्येक गावकार जाणून होता. म्हणून दुरुस्तीचा खर्च हा त्याला उपकार वाटत नसे. १५२६ साली पोर्तुगीज सत्तेने तिसवाडी येथील या वहिवाटी लेखी नमूद करून घेतल्या, त्या सनदेस ‘फोराल’ म्हणतात. डिचोली व पेडणे तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हते. डिचोली १७८१ च्या सुमारास सावंतवाडीकर भोसल्यांकडून गेली, आणि कोल्हापूरकरांविरुद्ध साह्य मिळावे म्हणून खेम सावंतांनी १७८८ साली पेडणे सोडून दिले. या नव्या काबिजादींत सत्ता बदलली तरी गावाच्या रूढी बहुतांशी तशाच चालू राहिल्या.

गावकरीचे गुणगान करताना एक गोष्ट मात्र आम्ही झाकून ठेवणार नाही. जोणेचा वाटा गावकारांच्या पुरुष वंशजांचा. ज्यांच्या पाठीवरून बांधाची माती वाहिली गेली त्या कुळवाड्याला व मुंडकाराला पावणीच्या सभेत आवाज नव्हता. गावाचा पैसा गावात राही हे खरे. तो सर्व गावाचा होता, हे खरे नव्हे.

दुसरे उत्तर देवस्थानांचे. आपल्याकडे परगावचा पाहुणा प्रथम आला तो जत्रेला. कासारपालच्या श्रीकालिकेस येणारा भाविक असो की नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराला येणारा, त्याच्या दानदक्षिणेतून आणि महाजनांच्या वर्गणीतून अग्रशाळा उभ्या राहिल्या, तळ्या बांधल्या गेल्या, दीपमाळा उजळल्या. राजाने हात दिल्याचेही उदाहरण याच तालुक्यात आहे. दिवाडीवरील मूळ देऊळ पोर्तुगीज अमलात उद्ध्वस्त झाल्यावर देव नार्व्यास आणला गेला, आणि १६६८ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी त्या देवालयाचा जीर्णोद्धार आरंभिला. तसा शिलालेख तेथे आहे. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी गोवा सरकारने सार्वजनिक पैशातून त्याच देवालयाचे नूतनीकरण केले व २०२३ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा भाविकांस खुले झाले. दोन्ही प्रसंगी पैसा बाहेरून आला. नित्याची झाडलोट व दिवाबत्ती मात्र तेव्हाही स्थानिकांच्या हातची होती आणि आताही आहे. एकदाच मोठी रक्कम घालून वास्तू उभी करणारा पुष्कळदा भेटतो. दरवर्षी कौले परतणारा मिळणे कठीण.

तिसरे उत्तर गोमंतकाच्या इतिहासातील सर्वांत कडू आहे. १८७८ साली इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्यान्वये ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यामधील जकातीची भिंत पडली, मुरगाव बंदरापासून घाटापर्यंत लोहमार्ग घालण्याचे ठरले, आणि गोव्याच्या मिठावरील ताबा इंग्रजांकडे जाऊन त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला वर्षाकाठी ४ लाख रुपये मिळू लागले. रेल्वे कंपनीच्या भागधारकांस व्याजाची हमी होती. गाडीला उतारू व माल मिळो न मिळो, व्याज देणे सरकारला भाग होते, आणि मिठाची ही रक्कम त्याच खाती खर्ची पडू लागली. आगाराचे काम बसले, गरिबाच्या ताटातले मीठ महागले. १८८८ साली गाडी घाट चढून गेली; १८९२ साली तहाची मुदत संपली व तो पुन्हा केला गेला नाही. लोहमार्ग उपयोगाचा ठरला यात संशय नाही. परंतु त्याची किंमत ज्यांनी चुकवली त्यांतील कितीजण त्या गाडीत बसले असतील?

याच सुमारास सह्याद्रीवर निराळे प्रयोग चालू होते. महाबळेश्वराची जागा मुंबई सरकारने १८२९ साली खंडाळा गावाच्या मोबदल्यात साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून मिळविली. तेथील वेण्णा तलाव १८४२ साली साताऱ्याच्या गादीच्याच पैशाने झाला. हवा खाण्यास जाणारे गोरे अधिकारी, पैसा देशी राजाचा. यावर भाष्याची आवश्यकता नाही. माथेरानची गोष्ट अधिक बोधक आहे. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी १८५० साली तो डोंगर लोकांच्या नजरेस आणला. पुढे मुंबईचे धनिक सर आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात सुमारे १६ लाख रुपये घालून नेरळपासून डोंगरमाथ्यापर्यंत चिमुकली आगगाडी नेली. गाडी खासगी भांडवलाची; पण गावाचा नित्य खर्च निराळा, आणि त्यासाठी माथेरानात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडून नगरपालिका शुल्क घेते. ही रक्कम घेणारी संस्था त्या गावचीच असते, हा येथला मुख्य मुद्दा होय. पंढरपुरातील जुना यात्राकर याच जातीचा. वारकऱ्यावर कर बसवावा की नाही याविषयी मतभेद असू शकतात, आणि आमच्याही मनाला ते रुचत नाही. परंतु लाखाची गर्दी ज्या गावात लोटते तेथे पटकीची साथ रोखणारी व्यवस्था केवळ तेथील रहिवाशांच्या घरपट्टीतून होणार नाही, हेही तितकेच खरे.

आता गोव्याकडे परतू. १९६१ च्या डिसेंबरात गोमंतक मुक्त झाला. १९६२ साली पंचायतींचा कायदा येऊन लगोलग निवडणुकाही झाल्या. ज्याला पावणीच्या सभेत आवाज नव्हता त्याला मत मिळाले, ही घटना आम्ही लहान मानीत नाही. पुढे कुळकायद्याने, विशेषतः १९७६ च्या दुरुस्तीने, कसणाऱ्याला जमीन मिळू लागली. न्याय झाला, पण त्याबरोबर गावकरीचे उत्पन्न आटले, आणि बांध दुरुस्त करणारा जुना हात लुळा पडला. पंचायतीच्या पदरी घरपट्टी, परवान्यांची फी आणि सरकारी अनुदान. गावातील प्रत्येक कामासाठी पणजीची वाट पाहण्याचा काळ येथून सुरू झाला.

त्याच पणजीने २०१३ साली पाहुण्याकडून खर्च घेण्याचा एक प्रयोग केला. राज्याच्या सीमेवरील नाक्यांवर परराज्यातील वाहनांकडून प्रवेशशुल्क घेण्यास त्या वर्षी आरंभ झाला. रस्ते वापरणाऱ्याने रस्त्यांसाठी द्यावे, या तत्त्वाला कोण नाही म्हणेल? पण दोडामार्गाच्या नाक्यावर येणारी सारीच वाहने सहलीस निघालेली नव्हती. पलीकडच्या गावांतील माणूस म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला येतो, रोजगारासाठी येतो, रुग्णाला घेऊन बांबोळीच्या इस्पितळात येतो. त्याची सोयरीक अलीकडे, कुळाचार पलीकडे. त्यालाही पर्यटकाच्या रांगेत उभे केल्यावर सिंधुदुर्गात आंदोलन पेटले नसते तरच नवल. पुढे ती वसुली बंद झाली. आमच्या मते दोष शुल्काचा नव्हता. एक तर शेजारी आणि पाहुणा यांत भेद केला गेला नाही. दुसरे असे की, ज्या गावांच्या दारात नाका उभा होता त्या गावांच्या पंचायतींना त्या पैशावर अधिकार नव्हता. तो राज्याच्या खजिन्यात गेला. माथेरानचे शुल्क टिकले आणि हे टिकले नाही, याचे कारण येथे शोधावे.

शेजाऱ्याशी हिशेब कसा करावा याचा धडा याच हद्दीवर घालून दिलेला आहे. तिलारीचे धरण दोडामार्गात. त्याचे कालवे डिचोली, पेडणे व बारदेशात. १९९० साली दोन्ही राज्यांनी करार केला आणि खर्चाचा सुमारे ७३ टक्के भाग गोव्याने, उरलेला महाराष्ट्राने उचलावयाचा असे लाभाच्या प्रमाणात ठरविले. बुडालेल्या गावांतील विस्थापितांच्या नोकऱ्यांचा तंटा त्यानंतरही कित्येक वर्षे चालला, तेव्हा हा हिशेबही सर्वांना पुरता पावला असे नव्हे; पण आकडा आधी मांडला गेला होता.

२०२३ च्या जानेवारीपासून पेडण्यातील मोपा येथे विमाने उतरू लागली. डिचोलीतील खाणी २०१२ साली व पुन्हा २०१८ साली थांबल्या तेव्हा त्या पैशावर उभा असलेला व्यवहार कसा बसला, ते या तालुक्याने पाहिले आहे. आता पर्यटनाकडे बोट दाखविले जाते. पाहुणा किनाऱ्यावरून आतल्या गावांकडे वळावा, हरवळ्याची लेणी, मयेंचे तळे, नार्व्याचे देऊळ त्याने पाहावे, अशी योजना मांडली जाते, ती आम्हांसही प्रिय आहे. मात्र अशी योजना ग्रामसभेपुढे येईल त्या दिवशी लाटंबार्सेच्या किंवा मयेंच्या पंचायतीने इमारतीच्या नकाशाआधी एक कागद मागावा : बांधल्यानंतर दहाव्या वर्षी कौले परतण्याचा खर्च कोणत्या खाती पडणार, आणि पाहुण्याने दिलेल्या रुपयातले किती पैसे गावाच्या हाती राहणार.