‘सुइसाइड’ ॲक्सल : हॉट रॉडच्या पुढच्या चाकांची गोष्ट

आज ज्या जोडणीबद्दल बोलायचंय, तिचं नाव ऐकूनच माणूस दचकतो. अमेरिकेतले हॉट रॉडवाले तिला ‘सुइसाइड फ्रंट एंड’ म्हणतात. नाव कुणा टीकाकारानं दिलेलं नाही बरं का, बनवणाऱ्यांच्याच तोंडी रुळलेलं आहे.

हॉट रॉड म्हणजे काय, तर जुनी फोर्ड स्वस्तात घ्यायची, नको ते पत्रे काढून टाकायचे, इंजिन तगडं करायचं आणि पळवायची. दक्षिण कॅलिफोर्नियातली म्युरॉक, एल मिराज ही कोरडी तळी म्हणजे या पोरांची मैदानं. तिथल्या क्लबांनी १९३७ साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. हा भाग मी भराभर सांगतोय, कारण आपल्याला चाकांपाशी पोचायचंय.

आता फोर्डची बांधणी बघा. आपल्या ट्रकचे पाटे गाडीच्या लांबीला धरून असतात. हेन्री फोर्डनं १९०८ च्या मॉडेल टीला पुढे एकच पाटा दिला, तोही आडवा, या चाकाकडून त्या चाकाकडे. मध्यभाग चासीच्या पट्टीला बांधलेला, दोन्ही टोकं ॲक्सलला. जनरल मोटर्सनं १९३४ मध्ये आपल्या काही गाड्यांची पुढची चाकं एकमेकांपासून सुटी केली, तरी फोर्डच्या गाड्या १९४८ पर्यंत आडव्या पाट्यावरच चालल्या. म्हाताऱ्याचा हट्ट! पण त्यामुळेच भंगारात सगळीकडे एकाच पद्धतीचा माल मिळायचा, आणि पोरांचं फावलं.

अडचण उंचीची होती. खाली ॲक्सल, त्यावर पाटा, त्यावर चासी, अशी मडक्यांसारखी उतरंड. गाडी जमिनीलगत आणायची तर यातलं काहीतरी हलवायलाच हवं. कुणी पाट्याची पानं कमी केली. कुणी ॲक्सल तापवून टोकांशी असा वाकवला, की चाकं तिथंच राहिली आणि मधला दांडा, म्हणजे पर्यायानं गाडी, खाली आली. आणि कुणीतरी उतरंडच मोडली. चासीच्या नाकाला पुढे एक ब्रॅकेट वेल्ड केलं, पाटा त्याला टांगला आणि ॲक्सल गाडीच्या पुढे नेला. चासी सरळ खाली!

यात धोका कुठे आहे ते नीट समजून घ्या. मूळ रचनेत बोल्ट तुटला तरी चासी पाट्यावर, ॲक्सलवर टेकून राहते. इथे तिच्याखाली काहीच नाही. पुढचं सगळं वजन त्या एका ब्रॅकेटवर. रात्री गॅरेजमध्ये, शिकाऊ हातानं केलेलं वेल्डिंग भर वेगात सुटलं, की गाडीचं नाक थेट रस्त्यावर. नाव आलं ते इथून.

दुसरी भानगड कमी दिसते, पण माझ्या मते जास्त फसवी आहे. ॲक्सल जागेवर राहावा म्हणून फोर्डनं व्ही आकाराचा दांडा दिला होता. त्याचं टोक मागे गाडीच्या मध्यावर एका गोळ्यात बसायचं. एक चाक वर गेलं, की सगळं त्या गोळ्याभोवती आरामात फिरायचं. पण नवं इंजिन, नवा गिअरबॉक्स आला, की हा दांडा आडवा यायचा. मग तो चिरून दोन्ही बाजू चासीला जोडल्या. आता एक चाक वर गेलं की ॲक्सलला पीळ बसतो. फोर्डचा घडीव ॲक्सल तो पीळ थोडाफार सोसतो. नळीचा ॲक्सल सोसत नाही, मग ताण ब्रॅकेटवर आणि वेल्डवर जातो. यावर नंतर चार समांतर दांड्यांची जोडणी रुळली.

एवढं असूनही ही रचना फोफावली ती दिसण्यामुळे. नॉर्म ग्राबोव्स्कीची टी-बकेट १९५७ मध्ये ‘लाइफ’च्या मुखपृष्ठावर झळकली, १९५८ पासून ‘७७ सनसेट स्ट्रिप’ या मालिकेत घरोघरी दिसली. पुढची चाकं गाडीपासून लांब, उघडी. त्यानंतर टी-बकेटची लाटच आली. चाकांवर मडगार्ड नाही म्हटल्यावर सस्पेन्शन हाच गाडीचा चेहरा होतो, मग त्याला क्रोम लावणं आलंच.

सत्तरच्या दशकात लिल जॉन बुटेरा यांनी मॉडेल टी सेडानला हातानं घडवलेलं, चाकं सुटी असणारं सस्पेन्शन बसवलं. ते रेसिंगच्या चासी बनवणारे, त्यामुळे प्रत्येक तुकड्यात तो हात दिसतो. इतरांनी मस्टँग टूचं तयार सस्पेन्शन उचललं. सोयीचं खरं, पण उघड्या गाडीला ते जरा बोजडच दिसतं, असं माझं मत.

आणि १९९७ मध्ये क्रायसलरनं कारखान्यातूनच हॉट रॉड विकायला काढली, प्लिमथ प्राउलर. तिच्या स्प्रिंगा आणि शॉकअप चाकांपाशी नाहीत, आत बॉडीखाली लपवलेले. चाकाची हालचाल दांड्यांनी आत पोचते, रेसिंग कारसारखी. बाहेर नुसते बारीक दांडे दिसतात. इंजिन मात्र व्ही-सिक्स, आणि हॉट रॉडवाल्यांची कुरकुर झाली ती त्यावर. पुढच्या चाकांना कुणी नावं ठेवली नाहीत.