निकाल खिशात ठेवून

जाड कपातला चहा कोमट झालाय. कागदावर तुमची शिसपेन्सिल अजून टेकलेली नाही. कॅन्टीनच्या भिंतीवर कॅलेंडर आहे: 8 एप्रिल 1967, शनिवार. बाहेर लिव्हरपूलची सकाळ, आणि तुम्ही बसलाय ते एनट्री रेसकोर्स. दुपारी इथे ग्रँड नॅशनल पळणार आहे. 44 घोडे, 30 उड्या, जवळजवळ सव्वासात किलोमीटर. तुम्ही एका वर्तमानपत्राचे रेसवाले. बाराच्या ठोक्याला फोनवरून मजकूर सांगायचा, म्हणजे दुपारच्या अंकात तुमची टिप छापून येईल.

तुमच्या कोटाच्या आतल्या खिशात उद्याचा पेपर घडी घालून ठेवलेला आहे. निकालाची ओळ तुम्ही वाचली आहे. फॉइनावॉन, शंभराला एक.

अट एकच. आज बारा वाजता रेसकोर्सवरच्या एखाद्या हुशार माणसाला जे कळू शकतं, तेवढंच लिहायचं. खिशातला कागद पुरावा म्हणून चालणार नाही.

टिप लिहायची तर आधी मैदान चालून यावं, हा या धंद्यातला जुना रिवाज. तुम्ही उठता. ज्याने फक्त महालक्ष्मीची रेस पाहिली आहे, त्याला हे रेसकोर्स वाटतच नाही. तिथे सपाट, गुळगुळीत, रेलिंगला धरून पळणं; कोण किती वेगात, एवढाच प्रश्न. इथे शेतं ओलांडत गेल्यासारखी वाट आहे, एका अंगाला कालवा आहे, आणि दर थोड्या अंतरावर स्प्रूसच्या हिरव्या फांद्या खच्चून भरलेली कुंपणं. घोडेही वेगळे. तीन-चार वर्षांची नाजूक पोरं नव्हेत. नऊ-दहा वर्षांचे, रुंद छातीचे, थोडे खेडवळच दिसणारे. प्रश्नही बदलतो. कोण पहिला येईल, याच्या आधी कोण उभा राहील.

सहावी उडी बीचर्स ब्रुक. 1839 साली कॅप्टन बीचर या ओहोळात पडला, तेव्हापासून त्याचं नाव तिला चिकटलं. अलीकडून पाहिलं तर काही विशेष नाही. पलीकडे जाऊन उभे राहा, मग पोटात गोळा येतो: घोडा जिथून उडतो त्याहून उतरायची जमीन बरीच खाली आहे. हवेत असताना पायरी चुकल्यासारखं घोड्याला वाटत असणार. पंधरावी ‘चेअर’, पाच फूट दोन इंच, सगळ्यांत उंच, स्टँडसमोरच. या दोन उड्यांवर आज प्रत्येक पेपरात परिच्छेद आहेत. तुमच्याही वहीत आहेत.

बीचर्सच्या पुढची, सातवी, दुसऱ्या फेरीत तेविसावी. तिच्यावर कुणी ओळसुद्धा लिहीत नाही. मैदानावरची सगळ्यांत बुटकी, साडेचार फुटांची. तुम्ही तिच्याशी येऊन थांबता. तळहात फांद्यांवर ठेवता. पानांच्या सुया टोचतात, बोटांना चिकट वास लागतो. कुंपण तुमच्या छातीशी येतं. खाली माती दाबून बसवलेली, एका बाजूला कुणाचातरी बूट उमटलेला. सतरा वर्षांनी या कुंपणाला एका घोड्याचं नाव देतील, हे फक्त तुम्हाला ठाऊक. वहीत तुम्ही लिहिता: “7/23. सोपी.” खोडावंसं वाटतं, पण खोडत नाही. सोपीच आहे ती.

परत येऊन वजनांचा तक्ता उघडता. नॅशनल हँडिकॅप आहे, म्हणजे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त ओझं. वर 12 स्टोन, म्हणजे 76 किलो. खाली 10 स्टोन, साडेत्रेसष्ट. जॉकी हलका असला तर जिनाखाली शिशाच्या पट्ट्या घालून वजन भरायचं. साडेबारा किलोचा फरक. मुंबईच्या लोकलमधून उतरून एवढं ओझं खांद्यावर घेऊन दादरचा जिना चढून पाहा, आणि मग सव्वासात किलोमीटरचा विचार करा.

वरच्या टोकाला आहे व्हॉट अ मिथ, पुरे 12 स्टोन. गेल्याच महिन्यात चेल्टनहॅमच्या गोल्ड कपात तिसरा आला. घोडा उत्तम, पण उत्तम असण्याचीच शिक्षा त्याच्या पाठीवर लादली आहे. त्याच्याखाली लागलीच फ्रेडी. 1965 साली घोड्याच्या पाऊण लांबीने हुकला, 1966 साली पुन्हा दुसरा. सगळ्या लिव्हरपूलला तो जिंकावासा वाटतो, आणि लोकांना जिंकावासा वाटणारा घोडा नेहमी खऱ्यापेक्षा कमी भावात मिळतो. तो आपण घ्यायचा नाही. गेल्या वर्षीचा विजेता अँग्लो आहेच. तेव्हा पन्नासाला एक होता, आज त्याच्याकडे सगळे मान वळवून पाहतात. डिफरंट क्लासचा मालक हॉलिवूडचा ग्रेगरी पेक. फोटोग्राफरांची सोय झाली, टिपस्टरची नाही.

राहिला हनी एंड. दहा वर्षांचा, वजन 10 स्टोन 4 पौंड, म्हणजे तळापेक्षा चारच पौंड जास्त. ट्रेनर रायन प्राइस, ज्याने 1962 साली किलमोरकडून हीच रेस जिंकून घेतली. जॉकी जॉश गिफर्ड, दोनदा चॅम्पियन. या जोडीवर सध्या जरा सावट आहे. फेब्रुवारीत न्यूबरीला त्यांचा हिल हाउस बारा लांबींनी जिंकला, तेव्हा लोकांनी टाळ्यांऐवजी हुर्यो उडवली. आदल्या रेसमध्ये घोडा जाणूनबुजून रोखला होता असा संशय, आणि चौकशी अजून चालूच. तुम्हाला मात्र त्यात टिपच्या दृष्टीने एक गोष्ट दिसते: हा ट्रेनर घोडा नेमक्या दिवशी तयार करतो. भाव साडेसाताला एक. फेवरिट.

आता खरं काम. फॉइनावॉनच्या बाजूने काही लिहिता येतं का?

तुम्ही प्रयत्न करता, प्रामाणिकपणे. घोडा नऊ वर्षांचा, वय योग्य. वजन 10 स्टोन; तळाचं. एके काळी तो डचेस ऑफ वेस्टमिन्स्टर यांचा होता, थोर आर्कलचा तबेल्यातला सोबती. स्कॉटलंडच्या उत्तरेतल्या शेजारशेजारच्या दोन डोंगरांवरून दोघांची नावं ठेवलेली. पण डोंगर शेजारी असले म्हणून घोडे सारखे होत नाहीत. डचेसबाईंनी त्याला विकून टाकलं. गेल्या महिन्यात गोल्ड कपात पळाला, भाव पाचशेला एक. या मोसमात एकही रेस जिंकलेला नाही. एकदा पडला तेव्हा घाबरून पळण्याऐवजी तिथेच गवत खात बसला, असं सांगतात. प्रवासात सोबतीला सुझी नावाची शेळी लागते. ट्रेनर जॉन केम्प्टन आज इथे नाहीच. तो वूस्टरला दुसऱ्या घोड्यावर स्वतः बसणार आहे. मालकही आलेला नाही. एकाहून जास्त जॉकींनी नकार दिल्यावर जॉन बकिंगहॅमला या आठवड्यातच विचारलं, आणि तो आयुष्यातली पहिली नॅशनल पळतोय.

यातून “हा जिंकेल” असं वाक्य कसं काढणार? तुम्ही इतिहासाचा आधार शोधता. 1928 साली टिपरेरी टिम शंभराला एक होता; कालव्याच्या वळणावर घोडे एकमेकांवर आदळले आणि तो जिंकला. 1929 साली ग्रेगलाच, 1947 साली काहू, तेही शंभराला एक. पण त्या न्यायाने आज तळातल्या डझनभर घोड्यांतला कोणताही उचलता येईल. हाच का, याला उत्तर नाही. खिशातला कागद बाहेर काढला तर उत्तर आहे, पण ते कारण नव्हे. बारा वाजून दोन मिनिटांनी तुम्ही फोनवर सांगता: पहिला हनी एंड; धोका फ्रेडीचा. पलीकडचा टंकलेखक फेवरिटचं नाव ऐकून जांभई देतो. तुम्हाला ते ऐकू येतं.

दुपारी बुकींच्या रांगांत शिरता. पांढरे हातमोजे घातलेले टिक-टॅकवाले उंच स्टुलांवरून नाकाला, कानाला, खांद्याला हात लावत दूरचे भाव कळवताहेत; गिरगावातल्या एखाद्या मूकनाट्याला शोभेल असा प्रकार. तुम्ही हनी एंडवर एक पौंड विन, एक पौंड प्लेस लावता. पाटीवर लिहिलंय: प्लेसला चौथाई भाव, पहिले चार. जे छापलं त्यावर स्वतःचे पैसे नाहीत, तो टिपस्टर कसला? शेजारी टोटच्या, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून भाव काढणाऱ्या पूलच्या, खिडकीवर एक आजीबाई फॉइनावॉनचं तिकीट घेताहेत. का, हे तुम्ही विचारत नाही.

रेस सुटते. पहिल्याच उडीला पॉपहॅम डाउनचा जॉकी पडतो, आणि घोडा रिकामाच पुढे धावत सुटतो. माणूस नसलेल्या घोड्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पहिली फेरी संपते, चेअर पार होते. दुसऱ्या फेरीत बीचर्स ओलांडून पंचवीसहून अधिक घोडे अजून उभे आहेत. तुम्ही दुर्बीण बुटक्या कुंपणावर आधीच रोखलेली आहे. आख्ख्या स्टँडमध्ये तेवढी एकच.

रिकामा पॉपहॅम डाउन कुंपणापाशी येतो आणि उडी मारायच्या ऐवजी आडवा वळतो. मग कुंपणाला समांतर धावत सुटतो, समोरून येणाऱ्या सगळ्यांच्या तोंडावरून. पहिला घोडा थबकतो, दुसरा त्याच्या पुठ्ठ्यावर, तिसरा दोघांत. जॉकी कुंपणावर फेकले जातात, काही पलीकडे घोड्याशिवायच उतरतात. तुम्ही सकाळी हात ठेवला होता तिथली हिरवी फांद्यांची भिंत आता टापांखाली फाटतेय. बीबीसीच्या टीव्हीवर आयर्लंडचा समालोचक मायकेल ओ’हेअर एकेक अडकलेलं नाव अचूक सांगतोय. आणि मग मागून, फार मागून, काळ्या पोशाखावर लाल-पिवळे पट्टे चढवलेला एक स्वार येतो. घोडा इतका मागे राहिलेला की त्याला परिस्थिती पाहायला वेळ आहे. बकिंगहॅम त्याला बाजूला घेतो, मोकळी जागा शोधतो, आणि पहिल्याच प्रयत्नात उडी. पलीकडे कुणीही नाही. त्याच्याविरुद्ध जाणारा मुद्दाच, त्याचा संथपणा, त्याला वाचवून गेला. ते तरी लिहिता आलं असतं का? “हा इतका मंद आहे की अपघातात सापडणार नाही”? संपादकाने तुम्हाला घरी पाठवलं असतं.

गिफर्ड हनी एंडला मागे वळवतो, पुन्हा उडी घेतो आणि पाठलागाला लागतो. सात कुंपणं उरलीत. अंतर कमी होत जातं. पंधरा लांबींवर येऊन थांबतं. फॉइनावॉन पहिला, हनी एंड दुसरा, रेड अॅलिगेटर तिसरा. स्टँडमध्ये टाळ्या कमी, रेसकार्डाची पानं उलटल्याचा आवाज जास्त: कोण हा?

टोटने 444 ला 1 दिले. आजीबाईंच्या हातात काय पडलं असेल, याचा हिशेब करत तुम्ही बुकीसमोर उभे राहता. तुमचा विनचा पौंड गेला. प्लेसच्या पौंडावर पावणेदोनपेक्षा थोडं जास्त सुटलं. तो नोटा ठेवतो, मग नाणी मोजतो, दोन पौंड सतरा शिलिंग सहा पेन्स. स्वतःशीच काहीतरी पुटपुटतो आणि वर न पाहता म्हणतो, “तुम्ही शहाणे निघालात साहेब. फेवरिटला प्लेस.”

तुम्ही पैसे आतल्या खिशात सारता. तिथे घडी घातलेला कागद बोटाला लागतो.