अमेरिकेतील ‘एपी’ परीक्षा : महाविद्यालयासाठी किती उपयुक्त?

मे महिन्याचा पहिला पंधरवडा अमेरिकेतील लाखो शालेय विद्यार्थ्यांसाठी कसोटीचा असतो. शाळेत शिकत असतानाच महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाच्या तोडीचा अभ्यासक्रम पूर्ण करणारे हे विद्यार्थी ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ म्हणजेच ‘एपी’ परीक्षांना सामोरे जातात. या परीक्षेत चांगली श्रेणी मिळाल्यास अनेक महाविद्यालये त्या विषयाचे श्रेयांक देतात किंवा विद्यार्थ्याला थेट वरच्या वर्गात बसू देतात. परंतु शुल्क, वर्षभराचे परिश्रम आणि मानसिक ताण यांचा विचार करता ही परीक्षा सर्वांनाच लाभदायक ठरते का, या प्रश्नावर अमेरिकी शिक्षणक्षेत्रात दीर्घकाळ मतभेद आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आणि तेथील विद्यापीठांत प्रवेश घेऊ इच्छिणारे भारतीय विद्यार्थी यांच्यासाठीही हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

परीक्षेचे स्वरूप

एपी अभ्यासक्रमांचे संचालन ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्था करते. १९०० मध्ये स्थापन झालेली ही विना-नफा संस्था ‘सॅट’ परीक्षाही घेते. कलनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, संगणकशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र आणि कलेचा इतिहास अशा सुमारे ४० विषयांत एपी उपलब्ध आहे. बहुतांश विषयांची परीक्षा दोन ते तीन तासांची असून तिचे दोन भाग असतात. पहिल्या भागात बहुपर्यायी प्रश्न, तर दुसऱ्या भागात निबंध, उदाहरणे किंवा सविस्तर उत्तरांचे प्रश्न असतात. सविस्तर उत्तरे शालेय व महाविद्यालयीन शिक्षक जून महिन्यात तपासतात आणि जुलैमध्ये निकाल जाहीर होतो. मे २०२५ पासून २८ विषयांची परीक्षा पूर्णतः किंवा अंशतः संगणकावर घेण्यात येऊ लागली.

निकाल टक्केवारीत नसून १ ते ५ या श्रेणींत दिला जातो. ५ ही सर्वोच्च श्रेणी आहे. ३ किंवा त्याहून अधिक श्रेणी मिळविणारा विद्यार्थी महाविद्यालयीन श्रेयांकास पात्र आहे, असे कॉलेज बोर्ड मानते. मात्र श्रेयांक द्यायचे किंवा नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्या त्या महाविद्यालयाचा असतो. एपीच्या उपयुक्ततेविषयीचे बहुतेक वाद याच ठिकाणी सुरू होतात.

शीतयुद्धाच्या काळातील उगम

या योजनेची मुळे १९५० च्या दशकाच्या आरंभी सापडतात. हुशार विद्यार्थ्यांना शाळेच्या शेवटच्या वर्षी आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी तोच तो भाग पुन्हा शिकावा लागतो, असा निष्कर्ष तीन नामांकित खासगी शाळा आणि हार्वर्ड, प्रिन्स्टन व येल या विद्यापीठांतील अध्यापकांच्या एका अभ्यासगटाने १९५२ च्या अहवालात मांडला. या कार्याला फोर्ड प्रतिष्ठानच्या निधीचे साहाय्य होते. सोव्हिएत संघाशी असलेल्या स्पर्धेमुळे बुद्धिमान विद्यार्थ्यांचा वेळ वाया जाऊ नये, ही भावना त्या काळी प्रबळ होती. पुढे कॉलेज बोर्डने ही योजना आपल्या हाती घेतली. १९५६ मध्ये झालेल्या परीक्षेला १०४ शाळांतील १,२२९ विद्यार्थी बसले होते.

आरंभी मोजक्या उच्चभ्रू शाळांपुरती मर्यादित असलेली ही योजना पुढे सर्वसामान्य सार्वजनिक शाळांत पोहोचली. या प्रवासातील सर्वाधिक गाजलेले प्रकरण पूर्व लॉस एंजेलिसमधील गारफिल्ड हायस्कूलचे आहे. बोलिव्हियातून आलेले गणिताचे शिक्षक हाइमे एस्कलांते यांनी तेथील गरीब, प्रामुख्याने मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांना कलनशास्त्र शिकविले. १९८२ मध्ये त्यांचे १८ विद्यार्थी एपी कलनशास्त्रात उत्तीर्ण झाले. उत्तरपत्रिकांतील साम्यामुळे परीक्षा घेणाऱ्या संस्थेने त्यांपैकी १४ जणांवर संशय घेतला. १२ जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि ते सर्व पुन्हा उत्तीर्ण झाले. या घटनेवर १९८८ मध्ये ‘स्टँड अँड डिलिव्हर’ हा चित्रपट निघाला. योग्य अध्यापन मिळाले तर कोणत्याही वस्तीतील विद्यार्थी हा अभ्यास पेलू शकतो, हा एपीच्या समर्थकांचा युक्तिवाद तेव्हापासून अधिक ठामपणे मांडला जाऊ लागला.

आज अमेरिकेतील सार्वजनिक शाळांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी किमान एक एपी परीक्षा देतात. साधारणतः पाचांतील एक विद्यार्थी किमान एका विषयात ३ किंवा त्याहून वरची श्रेणी मिळवितो.

श्रेयांकांचा हिशेब

एपीचा सर्वांत ठळक लाभ आर्थिक आहे. २०२५ मध्ये अमेरिकेत एका परीक्षेचे शुल्क ९९ डॉलर होते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना त्यात सवलत मिळते आणि काही राज्ये शुल्काचा भार स्वतः उचलतात. दुसरीकडे, २०२४-२५ मध्ये सार्वजनिक महाविद्यालयांत राज्यातील रहिवाशांसाठी सरासरी वार्षिक शिक्षणशुल्क सुमारे ११ हजार ६०० डॉलर, तर खासगी महाविद्यालयांत ४३ हजार डॉलरहून अधिक होते. पदवीसाठी सामान्यतः १२० श्रेयांक लागतात. म्हणजे वर्षाला ३० श्रेयांक धरल्यास तीन श्रेयांकांच्या एका विषयाचा खर्च सार्वजनिक महाविद्यालयातही अकराशे डॉलरच्या पुढे जातो.

हा हिशेब आकर्षक असला तरी त्यात एक मेख आहे. अनेक महाविद्यालयांत पूर्णवेळ विद्यार्थ्याकडून विषयांच्या संख्येनुसार नव्हे, तर सत्रानुसार ठरावीक शुल्क घेतले जाते. अशा ठिकाणी एक-दोन विषयांचे श्रेयांक हाती असले तरी शुल्कात कपात होत नाही. एक संपूर्ण सत्र अथवा वर्ष वाचविण्याइतके श्रेयांक जमा झाले, तरच प्रत्यक्ष बचत होते. त्यातही ते श्रेयांक विद्यार्थ्याच्या मुख्य विषयाच्या आवश्यकतांमध्ये बसावे लागतात. अभियांत्रिकी शिकणाऱ्याला कलेच्या इतिहासाचे श्रेयांक मिळाले, तरी गणित आणि विज्ञानाचे अनिवार्य अभ्यासक्रम त्याला पूर्ण करावेच लागतात.

महाविद्यालयांची धोरणेही एकसारखी नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठ ३ श्रेणीपासून श्रेयांक देते. इलिनॉयसारख्या राज्यात सार्वजनिक महाविद्यालयांनी ३ श्रेणीला श्रेयांक देणे कायद्याने बंधनकारक आहे. याउलट अनेक नामांकित खासगी संस्था केवळ ४ किंवा ५ श्रेणी ग्राह्य धरतात. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी एपीसाठी श्रेयांक देत नाही. ब्राउन विद्यापीठात एपीचा उपयोग वरच्या वर्गात प्रवेशासाठी होऊ शकतो, परंतु पदवीसाठी लागणाऱ्या अभ्यासक्रमांत तो मोजला जात नाही.

डार्टमथ महाविद्यालयाने २०१३ मध्ये एपीचे श्रेयांक बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा मोठी चर्चा झाली. तेथील मानसशास्त्र विभागाने एपीत ५ श्रेणी मिळविलेल्या विद्यार्थ्यांना आपल्या प्राथमिक अभ्यासक्रमाच्या अंतिम परीक्षेची संक्षिप्त आवृत्ती दिली असता सुमारे ९० टक्के विद्यार्थी अनुत्तीर्ण झाल्याचे सांगण्यात आले. कॉलेज बोर्डने या प्रयोगाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला होता. वैद्यकीय शिक्षणाकडे वळू इच्छिणाऱ्यांनाही सावध राहावे लागते. काही वैद्यकीय महाविद्यालये जीवशास्त्र वा रसायनशास्त्राची पूर्वअट एपीच्या श्रेयांकांनी पूर्ण झाल्याचे मान्य करीत नाहीत.

प्रवेशप्रक्रियेतील स्थान

श्रेयांकांपेक्षाही प्रवेशासाठी होणारा उपयोग अनेक कुटुंबांना अधिक मोलाचा वाटतो. अमेरिकेतील निवडक महाविद्यालये अर्जदाराने आपल्या शाळेत उपलब्ध असलेल्या अभ्यासक्रमांपैकी किती कठीण अभ्यासक्रम निवडले, हे पाहतात. अनेक शाळा एपी विषयांतील गुणांना अधिक भार देतात. साध्या अभ्यासक्रमात सर्वोच्च श्रेणीला ४ गुण मिळत असतील, तर एपीत ५ धरले जातात.

तथापि, ज्या शाळेत एपी शिकविलेच जात नाही, त्या शाळेच्या विद्यार्थ्याचे मूल्यमापन त्याला उपलब्ध असलेल्या संधींच्या मर्यादेतच केले जाते. जून २०१८ मध्ये वॉशिंग्टन परिसरातील आठ प्रतिष्ठित खासगी शाळांनी २०२२ पर्यंत एपी अभ्यासक्रम बंद करण्याचे एकत्रितपणे घोषित केले. परीक्षेपुरती घोकंपट्टी करण्यापेक्षा स्वतःचे सखोल अभ्यासक्रम शिकविणे हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. अर्थात, ज्यांची ख्याती महाविद्यालयांना आधीच ठाऊक आहे, अशा शाळांना हे परवडते. दूरच्या गावातील सामान्य शाळेच्या विद्यार्थ्यासाठी एपीची श्रेणी हाच आपली पात्रता दाखविण्याचा एक समान मापदंड असतो, असे प्रत्युत्तर समर्थक देतात.

संशोधन काय सांगते?

एपी घेतलेले विद्यार्थी महाविद्यालयात अधिक यशस्वी होतात, हे आकडेवारीत दिसते. परंतु ते यश एपीमुळे मिळते, की मुळातच हुशार व साधनसंपन्न विद्यार्थी एपी निवडतात, हा खरा प्रश्न आहे. क्रिस्टिन क्लॉपफेनस्टाइन आणि कॅथलीन थॉमस यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांची पार्श्वभूमी आणि त्यांनी घेतलेले इतर अभ्यासक्रम विचारात घेतल्यावर एपीचा स्वतंत्र प्रभाव फारसा उरत नाही, असे आढळले.

जोनाथन स्मिथ, मायकेल हर्विट्झ आणि क्रिस्टोफर एव्हरी यांनी २०१७ मध्ये वेगळी पद्धत वापरली. श्रेणीच्या सीमारेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या विद्यार्थ्यांची त्यांनी तुलना केली. श्रेयांक मिळवून देणारी श्रेणी हाती आल्यास चार वर्षांत पदवी पूर्ण होण्याची शक्यता प्रत्येक परीक्षेमागे एक ते दोन टक्क्यांच्या अंशांनी वाढते, असे त्यांना दिसून आले. हा परिणाम लहान असला तरी खरा आहे.

डिलन काँगर, मार्क लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर चिठ्ठ्या टाकून निवड करावी तसा प्रयोग केला. एपी विज्ञान नव्याने सुरू करणाऱ्या शाळांत काही विद्यार्थ्यांना यादृच्छिक पद्धतीने प्रवेश देण्यात आला. या विद्यार्थ्यांचे वैज्ञानिक कौशल्य काही प्रमाणात वाढल्याचे आढळले. मात्र त्याच वेळी त्यांचा ताण वाढला आणि आपण महाविद्यालयीन विज्ञान पेलू शकू, हा आत्मविश्वास घटला. अभ्यास कठीण असण्याचे मूल्य आणि त्याची किंमत, दोन्ही या एकाच प्रयोगातून समोर आली.

श्रेणींवरील वाद

अलीकडच्या काळात श्रेणींच्या विश्वासार्हतेचा मुद्दाही उपस्थित झाला आहे. कॉलेज बोर्डने काही विषयांत श्रेणी निश्चित करण्याची पद्धत बदलली. त्यानंतर अमेरिकेच्या इतिहासाच्या परीक्षेत ३ किंवा अधिक श्रेणी मिळविणाऱ्यांचे प्रमाण २०२३ मधील सुमारे ४८ टक्क्यांवरून २०२४ मध्ये सुमारे ७२ टक्क्यांवर गेले. जुन्या श्रेणी महाविद्यालयांतील प्रत्यक्ष गुणांच्या तुलनेत अधिक कडक होत्या, असे संस्थेचे म्हणणे आहे. मापदंडच सैल झाला, असे टीकाकार म्हणतात. अभ्यासक्रमाच्या आशयावरूनही वाद झाले. आफ्रिकी-अमेरिकी अभ्यास हा नवा विषय जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याने नाकारला होता.

भारतीय विद्यार्थ्यांसाठी

भारतात काही आंतरराष्ट्रीय शाळांत एपी शिकविले जाते. अन्य विद्यार्थ्यांना वर्गात अभ्यासक्रम पूर्ण न करताही अधिकृत केंद्रावर परीक्षा देता येते. त्यासाठीची नोंदणी परीक्षेच्या कित्येक महिने आधी, साधारणतः नोव्हेंबरपर्यंत करावी लागते. अमेरिकेबाहेर शुल्कही अधिक असते.

येथे सर्वांत मोठी अडचण वेळापत्रकाची आहे. बारावीच्या परीक्षा संपताच जेईई, नीट, एमएचटी-सीईटी आणि सीयूईटी यांचा हंगाम सुरू होतो आणि एपी परीक्षा नेमक्या त्याच सुमारास येतात. भारतातील प्रवेशाचा मार्गही खुला ठेवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने अकरावीच्या अखेरीस एपी देणे अधिक सोयीचे ठरते. त्यामुळे निकालही अर्ज करण्यापूर्वी हाती येतो. अमेरिकी महाविद्यालयांत प्रवेशासाठी एपी सर्वसाधारणपणे अनिवार्य नाही. बारावीचे उत्तम गुण हाच भारतीय अर्जदाराचा मुख्य आधार राहतो. मात्र ऑक्सफर्डसारखी ब्रिटिश विद्यापीठे अमेरिकी अभ्यासक्रमातून येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून एपीतील वरच्या श्रेणींची अपेक्षा ठेवतात.

एपीत स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, चिनी, जपानी आणि लॅटिन या भाषांचा समावेश आहे. मराठी किंवा अन्य भारतीय भाषा त्यात नाही. त्यामुळे अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळांतून मराठी शिकणाऱ्या मुलांना त्या ज्ञानाचा उपयोग एपीत करून घेता येत नाही.

निवड कशी करावी?

एपी घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासून पाहणे उचित ठरते. पहिली, ज्या महाविद्यालयांत जायचे आहे त्यांचे त्या विषयाबाबतचे धोरण. हे धोरण त्यांच्या संकेतस्थळांवर उपलब्ध असते आणि वेळोवेळी बदलते. दुसरी, तो विषय पुढील शिक्षणाशी किती निगडित आहे. तिसरी, शाळेत तो विषय शिकविणारा सक्षम शिक्षक आहे किंवा नाही.

ज्या विषयात विद्यार्थ्याला गोडी आहे आणि ज्याची पायाभरणी पक्की आहे, असे दोन-तीन विषय घेणे बहुतेकांना पेलते. केवळ संख्या वाढविण्यासाठी घेतलेले आठ-दहा विषय झोप, आरोग्य आणि अन्य विषयांतील गुण यांवर परिणाम करतात. श्रेयांक मिळाले तरी मुख्य विषयाचा पहिला अभ्यासक्रम वगळण्यापूर्वी महाविद्यालयातील सल्लागाराशी बोलून घेणे श्रेयस्कर असते. कारण वगळलेल्या अभ्यासक्रमातील उणीव पुढील वर्गात लगेच जाणवते आणि ती भरून काढण्याची सवड तेथे क्वचितच मिळते.