ओटागो सेंट्रल रेल ट्रेल

ओटागो सेंट्रल रेल ट्रेल हा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ओटागो प्रदेशातील सुमारे १५२ किलोमीटर लांबीचा सायकल व पदभ्रमण मार्ग आहे. क्लाइड आणि मिडलमार्च या दोन गावांना जोडणारा हा मार्ग १९९० मध्ये बंद पडलेल्या ओटागो सेंट्रल लोहमार्गाच्या भरावावर तयार करण्यात आला असून तो २००० मध्ये संपूर्णपणे खुला झाला. या मार्गावर मोटारवाहनांना प्रवेश नाही; सायकलस्वार, पादचारी आणि घोडेस्वार यांना तो विनाशुल्क वापरता येतो. बंद लोहमार्गाचे पर्यटनमार्गात रूपांतर करण्याच्या न्यूझीलंडमधील प्रयत्नांपैकी हा सर्वांत परिचित प्रयत्न मानला जातो.

भौगोलिक पार्श्वभूमी

मध्य ओटागो हा पर्वतरांगा आणि त्यांच्यामधील रुंद, कोरड्या खोऱ्यांचा प्रदेश आहे. शिस्ट या थरयुक्त खडकाचे उघडे सुळके, पिवळसर गवताचे डोंगरउतार, मेंढ्यांची विस्तीर्ण कुरणे आणि विरळ वस्ती ही त्याची लक्षणे होत. मार्ग क्रमाने मनुहेरिकिया नदीचे खोरे, आयडा खोरे, मॅनिओटोटोचे पठारी मैदान आणि टायरी नदीचे खोरे यांतून जातो. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाताना रॅगेडी व रफ रिज या डोंगररांगा ओलांडाव्या लागतात. मार्गाचा सर्वोच्च बिंदू ओटुरेहुआ व वेडरबर्न यांच्या दरम्यान समुद्रसपाटीपासून ६१८ मीटर उंचीवर आहे. दक्षिण ४५ अंश अक्षवृत्तही याच परिसरात मार्गाला छेदते आणि तेथे तसा फलक लावलेला आहे.

लोहमार्गाचा इतिहास

१८६१ मध्ये गॅब्रिएल्स गली येथे आणि १८६२ मध्ये आजच्या क्लाइडजवळ सोने सापडल्यानंतर ओटागोच्या अंतर्भागात खाणकामगारांची मोठी गर्दी झाली. सोन्याचा पहिला बहर ओसरल्यावर या भागात मेंढपाळी व शेती स्थिरावली. लोकर, जनावरे आणि धान्य डनेडिनच्या बंदरापर्यंत पोचवण्यासाठी लोहमार्गाची गरज भासू लागली.

डनेडिनजवळील विंगाटुई येथे १८७९ मध्ये बांधकाम सुरू झाले. टायरी नदीच्या अरुंद घळईतून वाट काढण्यातच पहिली अनेक वर्षे गेली. लोहमार्ग मिडलमार्चला १८९१ मध्ये, रॅनफर्लीला १८९८ मध्ये, अलेक्झांड्राला १९०६ मध्ये आणि क्लाइडला १९०७ मध्ये पोचला. शेवटचे स्थानक क्रॉमवेल हे १९२१ मध्ये सुरू झाले. बोगद्यांचे व पुलांचे बहुतेक काम मजुरांनी पहार, फावडे आणि सुरुंगाच्या साहाय्याने केले. पुलांचे खांब स्थानिक शिस्ट खडकातून घडवण्यात आले.

४ जून १९४३ रोजी क्रॉमवेलहून डनेडिनकडे जाणारी प्रवासी गाडी हाइड गावाजवळील वळणावर अतिवेगामुळे रुळांवरून घसरली. या अपघातात २१ जणांचा मृत्यू झाला. मृतांचे स्मारक मार्गाजवळ उभारलेले आहे.

रस्त्याने लांब अंतरावर माल नेण्यास न्यूझीलंडमध्ये दीर्घकाळ कायदेशीर मर्यादा होती. १९८३ मध्ये ती उठवण्यात आल्यानंतर मालवाहतूक ट्रककडे वळली. प्रवासी सेवा त्यापूर्वीच, १९७६ मध्ये, थांबली होती. क्लाइड येथील धरणामुळे क्रॉमवेलपर्यंतचा टप्पा १९८० मध्ये बंद करण्यात आला आणि त्याचा काही भाग पुढे जलाशयाखाली गेला. धरणाच्या साहित्याची वाहतूक हेच उरलेल्या लोहमार्गाचे अखेरचे मोठे काम ठरले. ते संपल्यावर ३० एप्रिल १९९० रोजी मिडलमार्चच्या पुढील लोहमार्ग बंद झाला. डनेडिन ते मिडलमार्च हा टप्पा मात्र पर्यटक रेल्वेसाठी डनेडिन नगरपालिकेने राखला.

सायकलमार्गात रूपांतर

रूळ उखडल्यानंतर उरलेली जमिनीची पट्टी १९९३ मध्ये न्यूझीलंड शासनाच्या संवर्धन विभागाने ताब्यात घेतली. निधी उभारणीसाठी १९९४ मध्ये एक स्थानिक विश्वस्त संस्था स्थापन झाली. लगतच्या काही शेतकऱ्यांचा या कल्पनेला विरोध होता. अनोळखी लोकांच्या वावराने मेंढ्या बिथरतील, फाटके उघडी राहतील आणि कोरड्या गवतात वणवे लागतील, अशी त्यांची भीती होती. इतक्या निर्जन भागात सायकल चालवण्यासाठी कोण येणार, अशी शंकाही अनेकांना होती.

रूपांतराचे काम टप्प्याटप्प्याने झाले. रेल्वेची जाड खडी सायकलच्या चाकांना सोयीची नसल्याने तिच्यावर बारीक खडीचा थर पसरून तो दाबण्यात आला. साठहून अधिक पुलांना लाकडी फळ्यांचा पृष्ठभाग व कठडे बसवण्यात आले. गुरांच्या ये-जा करण्याच्या ठिकाणी फाटके ठेवण्यात आली.

चढाचे स्वरूप

डोंगराळ प्रदेशातून जात असूनही हा मार्ग सामान्य सायकलस्वाराला झेपतो, याचे कारण त्याच्या मूळ उपयोगात आहे. लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांच्यातील घर्षण कमी असल्याने वाफेचे इंजिन तीव्र चढावर जड गाडी ओढू शकत नाही. त्यामुळे या लोहमार्गाचा चढ ५० मीटर अंतराला १ मीटर, म्हणजे सुमारे २ टक्के, यापेक्षा अधिक होऊ दिलेला नाही. डोंगर आडवा आला तेथे अभियंत्यांनी तो थेट चढण्याऐवजी वळसा घेतला, टेकडी कापली, बोगदा खणला किंवा ओढ्यावर उंच पूल बांधला. इंजिनाच्या सोयीसाठी केलेला हा खर्च शतकभरानंतर सायकलस्वारांच्या उपयोगी पडला. चढ सौम्य असले तरी ते लांब असतात. एकाच संथ गतीने तासभर चढत राहणे हा येथील नेहमीचा अनुभव होय.

मार्गाचे वर्णन

प्रवास दोन्ही दिशांनी करता येतो. संपूर्ण अंतरासाठी साधारणतः ३ ते ५ दिवस लागतात.

क्लाइड ते लॉडर: क्लाइडपासून अलेक्झांड्रापर्यंतचे सुमारे ८ किलोमीटर अंतर जवळजवळ सपाट व सरळ आहे. चॅटो क्रीकनंतर टायगर हिलचा चढ लागतो. मार्गावरील सर्वांत तीव्र चढांत त्याची गणना होते. पुढे ओमाकाउ हे गाव येते. तेथून जवळच असलेल्या ओफिर या सोन्याच्या काळातील वस्तीत १८८६ मधील दगडी टपाल कार्यालय आणि १८८० मधील झुलता पूल पाहावयास मिळतो.

लॉडर ते ओटुरेहुआ: हा टप्पा मार्गाचा सर्वांत प्रेक्षणीय भाग समजला जातो. मनुहेरिकिया नदीवरील लांब पूल ओलांडल्यावर मार्ग पूलबर्न घळईत शिरतो. येथे प्रत्येकी सुमारे २०० मीटर लांबीचे दोन बोगदे व ३७ मीटर उंचीचा पूलबर्न पूल आहे. बोगदे वळणदार असून आत दिव्यांची सोय नाही, त्यामुळे विजेरी जवळ ठेवावी लागते. ओटुरेहुआजवळ हेज कुटुंबाचा जुना अभियांत्रिकी कारखाना जतन केलेला आहे. कुंपणाची तार ताणण्याच्या अवजारांसाठी तो प्रसिद्ध होता.

ओटुरेहुआ ते रॅनफर्ली: सर्वोच्च बिंदू पार केल्यावर वेडरबर्न येते. तेथील हिरव्या पत्र्याचे मालगोदाम चित्रकार ग्रॅहम सिडनी यांनी १९७५ मध्ये रंगवलेल्या ‘जुलै ऑन द मॅनिओटोटो’ या चित्रामुळे देशभर ओळखले जाते. लोहमार्ग बंद झाल्यावर हलवलेले हे गोदाम नंतर मूळ जागी परत आणण्यात आले. रॅनफर्ली हे मॅनिओटोटोतील मुख्य गाव असून त्याच्या जुन्या स्थानकात पर्यटक माहिती केंद्र सुरू करण्यात आले.

रॅनफर्ली ते मिडलमार्च: वायपिआटा व कोकोंगानंतर मार्ग टायरी नदीच्या वरच्या घळईतून उतरतो. प्राइसेस क्रीक येथे एक उंच पूल व १५२ मीटर लांबीचा बोगदा आहे. हाइडनंतर रॉक अँड पिलर पर्वतरांगेच्या पायथ्याने मार्ग मिडलमार्चला पोचतो.

हवामान

हा न्यूझीलंडमधील समुद्रप्रभावापासून सर्वांत दूर असलेला भाग असल्याने येथे उन्हाळा व हिवाळा दोन्ही तीव्र असतात. उन्हाळ्यात तापमान ३० अंश सेल्सियसच्या वर जाते. रॅनफर्ली येथे जुलै १९०३ मध्ये उणे २५.६ अंश सेल्सियस या देशातील नीचांकी तापमानाची नोंद झाली. ऑक्टोबर ते एप्रिल हा प्रवासाचा मुख्य हंगाम असतो. मार्गावर सावली फारच थोडी आहे. काही गावांमधील अंतर बरेच असल्याने पाणी सोबत बाळगावे लागते. उघड्या मैदानावरील समोरचा वारा अनेकदा चढापेक्षा अधिक दमवणारा ठरतो.

स्थानिक जीवनावरील परिणाम

लोहमार्गासाठी वसलेली किंवा त्याच्या आधाराने वाढलेली गावे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोडावत गेली. शेतीतील यंत्रे, ट्रक व स्वतःची मोटार यांमुळे स्थानकाचे गाव ही कल्पनाच कालबाह्य झाली. सायकलमार्गाने या गावांना वेगळ्या प्रकारचा प्रवासी मिळवून दिला. मोटारीने जाणारा पर्यटक अशी दहा गावे न थांबता ओलांडतो. सायकलस्वाराला मात्र दर काही तासांनी अन्न, पाणी आणि संध्याकाळी निवारा लागतो. जुनी हॉटेले, शेतघरे व रेल्वे कर्मचाऱ्यांची घरे निवासासाठी वापरात आली आणि सायकली भाड्याने देणे व सामान पुढच्या मुक्कामी पोचवणे हे नवे व्यवसाय उभे राहिले. प्रारंभी साशंक असलेल्या शेतकरी कुटुंबांपैकी काहींनी पुढे प्रवाशांची निवासव्यवस्था सुरू केली. हे उत्पन्न मुख्यतः हंगामी असून हिवाळ्यात अनेक व्यवसाय बंद राहतात.

व्यवस्थापन व विस्तार

मार्गाची मालकी व देखभाल संवर्धन विभागाकडे असून विश्वस्त संस्था निधी व सुविधांसाठी साहाय्य करते. लगतच्या कुरणांसाठी असलेली फाटके ज्या स्थितीत आढळतील त्याच स्थितीत ठेवणे अपेक्षित असते.

२००९ मध्ये न्यूझीलंड शासनाने देशव्यापी सायकलमार्ग योजना हाती घेतली, तेव्हा ओटागोचा अनुभव आधीच उपलब्ध होता. आज हा मार्ग त्या योजनेतील ‘ग्रेट राइड’ मार्गांपैकी एक आहे. अलेक्झांड्रा येथून निघणारा रॉक्सबर्ग घळईचा मार्ग २०१३ मध्ये, तर क्लाइड ते क्रॉमवेल हा डन्स्टन जलाशयाकाठचा मार्ग २०२१ मध्ये खुला झाला. लोहमार्गाचा जो टप्पा धरणाने तोडला होता, त्या टोकापर्यंत आता पुन्हा, जरी वेगळ्या वाटेने, मोटाररहित प्रवास करता येतो.