लाज आणि घटका

वृषणरज्जूला पीळ पडण्याची व्याधि फ्रान्सांत देलासियोव्ह यांनीं १८४० सालीं नोंदविली. पीळ पडतांच रक्तप्रवाह थांबतो. ६ तासांत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वांचतो, दिवस उलटल्यास बहुधा जातो. आमच्या नागपुरांत मेयो रुग्णालय जुनेंच; १९४७ सालीं सरकारी मेडिकल कॉलेजहि निघालें. शस्त्रवैद्य जवळ होते. आड येत होती ती लाज. मीं जन्मभर मुलांना शिकविलें, पण या अवयवाचें नांव वर्गांत कधीं उच्चारलें नाहीं. ती चूक आज सुधारतों. एकाएकीं वृषणांत असह्य कळ, सूज, ओकारी. कधीं मुलगा नुसतें पोट दुखतें म्हणतो. अशा वेळीं शेक नको, लेप नको, सकाळची वाट नको. तत्क्षणीं रुग्णालय गाठावें.