सोळा मिनिटांचा लघुपट आणि सर्वोच्च न्यायालय

आवडता लघुपट कोणता, असं कुणी विचारलं की मी ज्याचं नाव घेतो तो मी पाहिलेला नाही, वाचलेला आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘चार शहर एक कहानी’. काही वर्षांपूर्वी सेन्सॉरच्या इतिहासावर लिहायचं म्हणून जुने निकाल चाळत होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर १९७०च्या एका निकालात हा लघुपट भेटला. कलमं आणि दाखले सुरू होण्याआधी न्यायमूर्तींनी सगळा सिनेमाच सांगून टाकला आहे. कायद्याचं पुस्तक हातात असताना मी पटकथा वाचत होतो.

लघुपट जेमतेम सोळा मिनिटांचा, कृष्णधवल. संवाद नाहीत. मजुरांचं एक गाणं आणि थोडं पार्श्वसंगीत, एवढाच आवाज. शहरं चार : कलकत्ता, मुंबई, मद्रास, दिल्ली. एका दृश्यात महालासारख्या इमारती, लगेच पुढच्यात झोपड्या. मध्येच त्या इमारती बांधणारे घामाघूम मजूर. एक गलेलठ्ठ गिऱ्हाईक हातरिक्षात बसलंय आणि एक खंगलेला माणूस धापा टाकत ती ओढतोय. पुढे हेच दृश्य उलटं होतं. रिक्षावाला आत बसलेला आणि गिऱ्हाईक रिक्षा ओढतंय. स्वातंत्र्यलढ्यातल्या नेत्यांचे पुतळे उंच चौथऱ्यांवरून हे सगळं नुसतं बघत उभे आहेत.

मग मुंबईची वेश्यावस्ती येते. दृश्य जेमतेम मिनिटभराचं, अंधुक, हलणारं. चालत्या गाडीतून टिपलं असावं, असं न्यायमूर्तींनीच नोंदवलंय. कॅमेरा दिसताच काही बायका आत सरकतात. एक बाई खिडकी लावून घेते. नंतर बाईच्या हातात नोटा दिसतात आणि एक पुरुषी हात त्यातल्या बहुतेक काढून घेतो. चेहरे दिसत नाहीत. ती बाई आरशासमोर केस विंचरते, पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या जोडीकडे बघते, मग स्वतःच्या खोलीकडे बघते.

अब्बास हे काही नवखे नव्हते. पानिपतचे, मौलाना हालींच्या घराण्यातले, अलीगढमध्ये शिकून मुंबईत पत्रकारितेत आलेले. ‘आवारा’ आणि ‘श्री ४२०’चे लेखक म्हणून त्यांना सगळे ओळखतात. पण राज कपूरसाठी लिहिणारे अब्बास स्वतः सिनेमा काढायचे तेव्हा वेगळीच वाट धरायचे. १९४६मध्ये बंगालच्या दुष्काळावर ‘धरती के लाल’, १९६३मध्ये मुंबईत डोक्यावर छप्पर शोधणाऱ्या जोडप्यावर ‘शहर और सपना’, १९६९मध्ये गोवामुक्तीच्या लढ्यावर ‘सात हिंदुस्तानी’. ‘नया संसार’ ही त्यांची स्वतःची कंपनी. ‘चार शहर’ हा त्याच वाटेवरचा लघुपट.

अब्बास यांनी ‘यू’ प्रमाणपत्र मागितलं. म्हणजे लहानथोर कुणीही पाहावा असं. बोर्डाने ‘ए’ देऊ केलं, फक्त प्रौढांसाठी. पुनर्विचार समितीनेही तेच सांगितलं. अब्बास केंद्र सरकारकडे अपिलात गेले. जुलै १९७०मध्ये सरकारचं उत्तर आलं : ‘यू’ मिळेल, पण वेश्यावस्तीचं दृश्य कमी करा. विशेषतः तीन गोष्टी काढा. खिडकी लावणारी बाई, उघडे गुडघे आणि हातातून हातात जाणाऱ्या नोटा.

या तिसऱ्या अटीपाशी मी दर वेळी थांबतो. गुडघ्यांचं समजू शकतं. त्या काळच्या बोर्डाला गुडघ्यांची धास्ती असायची. पण नोटांमध्ये अश्लील काय होतं? त्या दृश्यात शरीर नाही, चेहरा नाही. बाईने कमावलेले पैसे कुणाच्या खिशात जातात, एवढंच आहे. आणि तोच तर लघुपटाचा विषय होता. राबणारं कोण आणि खाणारं कोण. कात्री नेमकी तिथे ठेवली गेली होती.

अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी चालू असताना सरकारने माघार घेतली. एकही दृश्य न कापता ‘यू’ द्यायची तयारी दाखवली. दुसरा कुणी असता तर प्रमाणपत्र घेऊन घरी गेला असता. अब्बास यांनी याचिका दुरुस्त करून घेतली आणि मोठा प्रश्न पुढे केला. पुस्तक छापण्याआधी, वर्तमानपत्र काढण्याआधी कुणाला दाखवावं लागत नाही, मग सिनेमाच आधी का तपासायचा? राज्यघटनेने दिलेलं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य सिनेमाला नाही का?

पाच न्यायमूर्तींच्या पीठापुढे हे प्रकरण आलं. निकाल लिहिला सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्लाह यांनी. ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. नागपूर उच्च न्यायालयात वकिली केली आणि तिथेच मुख्य न्यायाधीश झाले. सैल हाताचे ते मुळीच नव्हते. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा कायम करणारा १९६४चा निकालही त्यांचाच.

इथेही त्यांनी सेन्सॉरशिप मोडीत काढली नाही. हलतं-बोलतं चित्र माणसाच्या मनावर जेवढा परिणाम करतं तेवढा छापील शब्द करत नाही, म्हणून सिनेमा आधी तपासणं घटनाबाह्य नाही, असं त्यांनी ठरवलं. पण तिथे ते थांबले नाहीत. कलात्मक आणि समाजोपयोगी काय व अश्लील काय, हा फरक करायची सोयच नियमांत नाही, हा खरा दोष त्यांनी दाखवला. बलात्कार, कुष्ठरोग किंवा अनैतिकता हा विषय आहे म्हणून कात्री लागू नये, तो कसा हाताळलाय हे पाहावं. आपल्यातल्या सर्वांत विकृत माणसाला जपण्यासाठी निरोगी मनाच्या माणसाने काय बघावं हे ठरू नये. सरकारी वकिलांनी न्यायालयात दोन गोष्टी कबूल केल्या : प्रमाणपत्राच्या निर्णयाला मुदत असेल आणि अपील सरकारकडे न जाता न्यायालयाकडे किंवा स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाईल.

दुसरी कबुली प्रत्यक्षात यायला तेरा वर्षं लागली. १९८१मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, १९८३मध्ये अपिलासाठी न्यायाधिकरण सुरू झालं. त्याच न्यायाधिकरणाने ‘बँडिट क्वीन’ला प्रमाणपत्र दिलं. ते प्रकरण १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायमूर्तींनी दाखला दिला तो अब्बास खटल्याचा. एप्रिल २०२१मध्ये सरकारने ते न्यायाधिकरण बंद केलं. आता बोर्डाशी पटलं नाही तर थेट उच्च न्यायालय गाठावं लागतं. मोठ्या निर्मात्याला ते परवडेल. सोळा मिनिटांचा लघुपट काढणाऱ्या पोराला वकिलाची फी कुठून परवडणार?

सिनेमात मुसलमानांचं योगदान काय, असं विचारलं की आपण नटांची आणि शायरांची यादी पुढे करतो. यादी खरीच आहे. पण याचिकाकर्ते अब्बास आणि सरन्यायाधीश हिदायतुल्लाह समोरासमोर आले तेव्हा वाद गरिबीचा आणि स्वातंत्र्याचा होता. दोघांपैकी कुणीही तिथे आपल्या जमातीसाठी उभं नव्हतं. आज ही गोष्ट सांगताना मला त्याचंच मोल अधिक वाटतं.

गेल्या वर्षी मोहल्ल्यातल्या कॉलेजच्या मुलांना मी निकालातला तो परिच्छेद मराठीत वाचून दाखवला. मोबाइलवर लघुपट बनवणारी ही मुलं. एकीने विचारलं, “सर, मग केस जिंकलं कोण?” मी सांगितलं, अब्बास यांचा लघुपट जिंकला, अब्बास यांचा युक्तिवाद हरला. ती म्हणाली, “लघुपट तर आधीच जिंकला होता ना? मग ते भांडत कशाला राहिले?”

मी म्हटलं, “तुझ्यासाठी.”