उपग्रह-इंटरनेट तबकडी, वाहनातील : वीज व बसवणूक

वाहनाच्या टपावर बसवून वाहनाच्याच विजेवर चालवायचे उपग्रह-इंटरनेटचे ग्राहकयंत्र. आपल्याकडे बोलताना अशा कोणत्याही यंत्राला ‘छत्री’ म्हणतात. हे मात्र पाटासारखे सपाट असते. प्रस्तुत नोंद मुख्यतः स्पेसएक्स कंपनीच्या ‘स्टारलिंक मिनी’विषयी आहे. मोजमापे : सुमारे ३० × २६ सेंमी., जाडी चार सेंमी.हून किंचित कमी, वजन १.१ किग्रॅ.; वायफाय राउटर आतच. इतर कंपन्यांची यंत्रे येथे घेतलेली नाहीत.

पूर्वेतिहास : दूरचित्रवाणीच्या ओबी व्हॅनवरची तबकडी ३५,७८६ किमी. उंचीवरच्या, जमिनीवरून स्थिर भासणाऱ्या उपग्रहावर रोखावी लागते. त्यासाठी गाडी उभी करणे आले. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किमी.वरून झपाट्याने सरकतात. तबकडीतील असंख्य सूक्ष्म अँटेना त्यांचा माग विद्युतीय रीतीने घेतात, म्हणून काहीही फिरवावे लागत नाही. तरी सुरुवातीच्या घरगुती तबकड्यांना कल देणारी मोटर होती. हौशी प्रवाशांनी ती मोटर काढून तबकडी टपावर सपाट बसवली. वॉरंटी अर्थातच गेली. मे २०२२ मध्ये फिरत्या घरांसाठी स्वतंत्र सेवा निघाली. ३० जून २०२२ रोजी अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक आयोगाने चालत्या वाहनातील वापराला संमती दिली. मिनी २०२४ च्या मध्यास बाजारात आली.

वीज : या विषयातील नव्वद टक्के तक्रारी तबकडीच्या नसून तारेच्या असतात, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. मिनीला १२ ते ४८ व्होल्ट एकदिश वीज चालते. सरासरी खप २५ ते ४० वॉट, आणि पुरवठा ६० वॉटचा हवा. ‘१२ ते ४८’ वाचून लोक थेट सिगारेट लायटरच्या सॉकेटला जोडतात. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास देतो, म्हणून सगळे सुरळीत दिसते. मुक्कामाला पोहोचून इंजिन बंद केले, की बॅटरी साडेबारावर येते आणि तबकडी चालू-बंद, चालू-बंद करू लागते.

कारण सोपे आहे. पाऊण स्क्वेअर मिमी.ची तांब्याची तार १५ मी. ओढली, तर जाऊन-येऊन ३० मी. होते आणि तिचा रोध सुमारे ०.७ ओहम भरतो. ६० वॉटसाठी १२ व्होल्टला ५ अँपिअर लागतात. म्हणजे साडेतीन व्होल्ट तारेतच खर्च. तबकडीच्या तोंडाशी साडेआठ-नऊ उरतात. त्यात यंत्राची भूक वॉटची, अँपिअरची नव्हे : व्होल्टेज उतरले की ते जास्त अँपिअर ओढते, त्याने व्होल्टेज आणखी उतरते, आणि यंत्र मान टाकते. तीच तार ३० व्होल्टवर वापरली तर २ अँपिअरला तूट जेमतेम १.४ व्होल्ट. सोबत मिळणारा घरगुती अ‍ॅडॉप्टर ३० व्होल्टचा असतो तो उगाच नव्हे. म्हणून बॅटरीजवळ व्होल्टेज चढवणारा कन्व्हर्टर बसवावा, नाही तर तार आखूड व जाड घ्यावी. अडीच स्क्वेअरची ३ मी. तार घेतल्यास ५ अँपिअरला तूट सुमारे ०.२ व्होल्ट. मल्टिमीटर तबकडीच्या टोकाशी आणि भार चालू असतानाच लावावा. रिकाम्या तारेवर मीटर नेहमीच समाधानकारक आकडा दाखवतो.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकालगत असावा. तो तारेच्या रक्षणासाठी असतो, तबकडीच्या नव्हे. इन्व्हर्टर लावून आधी २३० व्होल्ट करायचे आणि अ‍ॅडॉप्टरने पुन्हा ३० वर आणायचे, हा द्राविडी प्राणायाम आहे. दोन्ही टप्प्यांवर वीज वाया जाते. यूएसबी-सी तारेने चालवायचे तर उत्पादक १०० वॉटचा (२० व्होल्ट, ५ अँपिअर) स्रोत मागतो. ६५ वॉटवरही चालते असे अनेक वापरकर्ते सांगतात.

मोटारीची ४५ अँपिअर-तासांची बॅटरी ३० वॉटच्या भाराने कागदावर नऊ तासांत निम्मी होते. जुनी बॅटरी त्याआधीच बसते आणि सकाळी गाडीला धक्का मारावा लागतो. त्यामुळे स्वतंत्र लिथियम बॅटरी ठेवणे इष्ट. १०० अँपिअर-तासांची एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरी (१,२८० वॉट-तास) तोच भार चाळीस तासांच्या आसपास पेलते. बर्फ वितळवण्याची सोय अ‍ॅपमधून बंद ठेवल्यास खप वाढत नाही. मोठ्या ‘स्टँडर्ड’ तबकडीला ७५ ते १०० वॉट लागतात. तिचे गणित वेगळे.

बसवणूक : तबकडीला ११० अंशांचे मोकळे आकाश हवे. कॅरिअरच्या आडव्या दांड्यांवर क्लँपने आवळणे सर्वांत भरवशाचे. चुंबकाची बैठक पोलादी टपावरच धरते. फोर्डच्या एफ-१५० ची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून अ‍ॅल्युमिनिअमची आहे, तिथे चुंबक निरुपयोगी. व्हॅक्यूम कपाला धूळ आणि ऊन सोसत नाही, म्हणून सोबत सुरक्षादोरी बांधावी. काचेच्या टपाखाली आतून बसवण्याविषयी मतभेद आहेत : साध्या काचेतून काम भागते, धातूचा लेप असलेली काच संदेश अडवते. शिवाय यंत्राची मर्यादा ५० अंश से. आहे. विदर्भात मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तबकडी तापून बंद पडली, तर नवल नाही.

तार दाराच्या रबरी बीडिंगखालून घ्यायची झाल्यास ती दाराच्या धारेवर येऊ देऊ नये. आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा. पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते, नाही तर तारेवरून थेट सीटवर येते. जलरोधाची हमी प्लग पूर्ण बसलेला असतानाच लागू होते.

वेग व वारा : ताशी ९६ किमी.पर्यंतचा वारा यंत्र सोसते, असे उत्पादक सांगतो. समोरून वारा असेल तर गाडीच्या वेगात तो मिळवावा लागतो.

भारतातील स्थिती : स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये आणि इन-स्पेस या केंद्रीय अवकाश-नियामक संस्थेची मान्यता जुलै २०२५ मध्ये मिळाली. महाराष्ट्र शासनाने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी कंपनीशी इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशिम हे जिल्हे आहेत. हा करार शाळा, आरोग्यकेंद्रे अशा ठिकाणांसाठी असून केंद्राच्या मंजुऱ्यांच्या अधीन आहे. गाडीच्या टपाशी त्याचा संबंध नाही. परदेशातून आणलेली तबकडी परवानगीवाचून बाळगणे कायद्यात बसत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर उपग्रह-संदेशाचे खिशातले यंत्र बाळगल्यावरून एका परदेशी प्रवाशावर कारवाई झाली होती.

निगा : तबकडीवरची धूळ ओल्या कापडाने पुसावी.